रिकामी दिसणारी जागा

‘ज्याचें त्यानें ऐकावें, दुसऱ्याच्या कानावर पडूं देऊं नये’ हा आजच्या सुशिक्षित समाजांतील एक सर्वमान्य आचारधर्म होऊन बसला आहे. पूर्वीं एकानें ग्रामोफोन लावला म्हणजे तो सगळ्या वाड्यानें ऐकला. रेडिओवर बातम्या लागल्या कीं शेजारचे चार जण ओसरीवर येऊन बसत, आणि त्यांत कोणास कांहीं वावगें वाटत नसे. आतां श्रवण ही सर्वस्वीं खाजगी गोष्ट झाली आहे. ज्याला जें हवें तें त्यानें पैसे देऊन घ्यावें, आपल्यापुरतें ऐकावें, दुसऱ्यास उपसर्ग होऊं देऊं नये. एवढें केलें कीं तो काय ऐकतो हें विचारण्याचा अधिकार कोणालाहि उरत नाहीं, असें आपण धरून चालतों. हें म्हणणें वरवर पाहतां निर्दोष आहे. जॉन स्टुअर्ट मिल यानें १८५९ सालीं स्वातंत्र्यावरील आपल्या ग्रंथांत व्यक्तीच्या वर्तनाला जी मर्यादा आंखून दिली, कीं दुसऱ्याला इजा पोंचत नाहीं तोंवर समाजानें मध्यें पडूं नये, तीच येथें कानाला लावलेली आहे. परंतु उपसर्ग होतो कीं नाहीं हें ठरवावयाचें कोणीं? आणि ज्याच्या हातून तो होतो त्यालाच तो कळण्याची कांहीं सोय नसेल तर? एका लहानशा यंत्राच्या निमित्तानें हा प्रश्न अमेरिकेंत मोठ्या चमत्कारिक रीतीनें उभा राहिला होता. त्याची हकीकत मला येथें सांगावयाची आहे, आणि तींतून निघणाऱ्या एका नैतिक अडचणीचा विचारहि करावयाचा आहे.

तें यंत्र म्हणजे मोटारींत ठेवावयाचा उपग्रह-रेडिओचा सुटा रिसीव्हर. जमिनीवरील मनोऱ्यांऐवजीं आकाशांतील उपग्रहांवरून थेट मोटारींत गाणीं आणि बातम्या पोंचविण्याची कल्पना अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दोन कंपन्यांनीं अमलांत आणिली. एक्सएम या कंपनीची सेवा २००१ च्या सप्टेंबरांत सुरू झाली, सिरियस या कंपनीची २००२ सालीं. एक्सएमचे दोन उपग्रह विषुववृत्तावर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर, जमिनीवरून पाहणाराला एकाच जागीं स्थिर भासतील असे ठेवलेले होते. त्यांचीं नांवें ‘रॉक’ आणि ‘रोल’ अशीं होतीं, यावरून त्या धंद्याच्या अभिरुचीचा अंदाज वाचकांस बांधतां येईल. सिरियसचे तीन उपग्रह लांबट कक्षेंत फिरत आणि आळीपाळीनें त्या खंडाच्या माथ्यावर येत. मोटारीच्या टपावर लोहचुंबकानें चिकटणारी एक चपटी डबी बसवावयाची, तिची बारीक तार दाराच्या फटींतून आंत घ्यावयाची, आणि मुठींत मावेल एवढें यंत्र चालकाच्या पुढच्या फळीवर अडकवावयाचें, कीं शंभर वाहिन्या हात जोडून उभ्या! गाडी पुलाखालून गेली तरी आवाज तुटूं नये म्हणून एक्सएमनें एकच कार्यक्रम दोन उपग्रहांवरून कांहीं सेकंदांच्या अंतरानें धाडण्याची योजना केली होती. एकाचा धागा तुटला तर दुसऱ्यानें तो जोडून घ्यावा, आणि ऐकणाराला खंड म्हणून जाणवूं नये. या सर्वांची वर्गणी प्रारंभीं महिन्याला दहा डॉलरांच्या आसपास होती.

हें सुख लहान नव्हतें. आपल्याकडील प्रवासाच्या मापानें त्याची कल्पना यावयाची नाहीं. मुंबईहून पुण्यास निघालेला मनुष्य घाटांत थोडा वेळ खरखर ऐकतो आणि पुन्हां कोणत्या तरी केंद्राच्या छायेंत येतो. नेव्हाडा, वायोमिंग किंवा टेक्सासचा पश्चिम भाग यांतून जाणाऱ्या मालमोटारीच्या चालकाला मात्र तासन् तास कांहीं ऐकूं येत नाहीं. येतें तें एखादें पुसट होत जाणारें केंद्र, आणि त्याची गोडी लागते न लागते तोंच तें मागें पडतें. एफएमच्या लहरी बहुतांशीं सरळ रेषेंत जातात. क्षितिजाखालीं गेलेल्या मनोऱ्याची वाणी पुढें फार काळ सोबत करीत नाहीं. अशा एकाकी मनुष्याला न्यूयॉर्क सोडतांना लागलेली मैफल सॅन फ्रान्सिस्कोच्या वेशीपर्यंत अखंड ऐकतां यावी, हा मनुष्याच्या कल्पकतेचा एक मोठाच विजय म्हटला पाहिजे. यंत्रांची निंदा करणें हा कांहीं निबंधकारांचा नित्याचा उद्योग आहे; मला त्यांच्या पंक्तीस बसावयाचें नाहीं.

या सोयीवर एक आक्षेप त्या वेळीं पुष्कळांनीं घेतला. तो असा कीं, स्थानिक केंद्रें ऐकत जाणाऱ्या वाटसरूला आपण कोणत्या मुलखांतून चाललों आहों हें कळतें. तेथील पीकपाणी, तेथील फुटबॉलचे सामने, तेथील रविवारचें प्रवचन त्याच्या कानावर येतें. उपग्रहाची वाणी ऐकणारा मात्र सगळा देश डोळ्यांनीं पाहतो आणि कानांनीं कोठेंच जात नाहीं. आक्षेप सुंदर आहे, पण मी त्याला फारसें वजन देत नाहीं. १९९६ च्या दूरसंचार कायद्यानें एका धन्याकडे किती केंद्रें असावींत यावरील देशव्यापी मर्यादा उठविली, आणि पुढील कांहीं वर्षांतच एकट्या क्लिअर चॅनेल या कंपनीच्या हातांत हजाराहून अधिक केंद्रें गेलीं. दुसऱ्या शहरांत बसून ध्वनिमुद्रित केलेलें बोलणें गांवोगांवच्या केंद्रांवरून ‘आपल्या गांवचें’ म्हणून ऐकविलें जाऊं लागलें. गांवाचा आवाज हरवला तो बराचसा गांवांतच हरवला. त्याचा दोष सगळा आकाशाला देण्यांत अर्थ नाहीं.

माझा प्रश्न निराळा आहे, आणि तो पुष्कळ खालच्या पातळीवर, अगदीं चालकाच्या गुडघ्यापाशीं उत्पन्न होतो. छत्तीस हजार किलोमीटर निर्वेध ओलांडून आलेला हा आवाज शेवटच्या तीन फुटांत अडतो. यंत्राला स्वतःचा मोठा कर्णा नाहीं. गाडींतील कर्णे गाडीच्या जुन्या रेडिओला जोडलेले असतात आणि त्या रेडिओला उपग्रहाची भाषा समजत नाहीं. मग हीं तीन फुटें कशीं पार करावयाचीं? गाडींत कॅसेट वाजविण्याची सोय असेल तर कॅसेटच्याच आकाराची एक वडी त्या खोबणींत सरकवितां येई. तिला तार असे आणि तारेंतून आवाज आंत जाई. नाहीं तर कारागिराकडून यंत्राची तार गाडीच्या एरियलच्या मार्गांत थेट बसवून घ्यावी लागे; तिला पैसे पडत आणि गाडी कारखान्यांत ठेवावी लागे. पण या दोहोंहून सोपी अशी एक युक्ति यंत्रांतच भरून ठेवलेली होती. यंत्राच्या पोटांत एक चिमुकला एफएम प्रक्षेपक असे. उपग्रहाकडून आलेलें गाणें तो पुन्हां एफएमच्या लहरींवर चढवून गाडीच्या आंतल्या आंत सोडून देई, आणि गाडीचा रेडिओ तें एखाद्या गांवच्या केंद्रासारखें पकडून घेई. तार नको, कारागीर नको. म्हणजे ज्यानें हें यंत्र विकत घेतलें तो नकळत एका लहानशा रेडिओ-केंद्राचा चालकहि झाला!

आतां या केंद्राला जागा कोणती? एफएमच्या पट्ट्यावर जेथें कोणी बोलत नाहीं अशी एखादी जागा चालकानें शोधून काढावी, यंत्र आणि गाडीचा रेडिओ दोन्ही त्या जागेवर आणून ठेवावेत, अशी रीत होती. ही जागा पुष्कळदां पट्ट्याच्या अगदीं डाव्या टोकाला, ८८ मेगाहर्ट्झच्या आसपास सांपडे. शहर बदललें कीं तेथें कोणी तरी बोलूं लागलेलें असावयाचें. मग पुन्हां दुसरी जागा शोधावयाची. स्थळाच्या बंधनांतून ज्यानें मुक्त करावयाचें त्या यंत्राला शेवटच्या तीन फुटांसाठीं प्रत्येक गांवांत असें एक रिकामें आसन मागून घ्यावें लागे, ही गंमत माझ्या मतें त्याच्या जाहिरातींपेक्षां अधिक वाचनीय आहे. पण गंमत येथें संपते. कारण हें आसन रिकामें आहे असें ठरविणारा तो एकटाच होता, आणि तो ठरवीत होता तो आपल्या गाडींत बसून, आपल्या एरियलला जें ऐकूं येतें तेवढ्यावरून.

अमेरिकेंत एफएम पट्ट्याचा ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा भाग धंदा न करणाऱ्या केंद्रांसाठीं राखून ठेवलेला आहे. महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं चालविलेलीं केंद्रें, लहान धार्मिक मंडळ्यांचीं केंद्रें, आणि श्रोत्यांच्या देणग्यांवर जगणारीं सार्वजनिक केंद्रें हीं याच भागांत आहेत. त्यांतील पुष्कळांची शक्ति बेताची असते. नदीच्या अल्याड ज्यांचा आवाज स्पष्ट, तीं पल्याड कुजबुजतात आणि टेकडीमागें मुकीं होतात. गाडीच्या रेडिओवर खरखर आली म्हणजे तेथें कोणी नाहीं असें नव्हे. तेथें कोणी तरी हळू बोलत आहे, एवढाच त्याचा अर्थ कित्येकदां असतो. शेजारच्या गाडीचें एरियल चांगलें असेल, किंवा तींत बसलेल्याला तेंच केंद्र प्रिय असल्यानें तो खरखरींतूनहि तें ऐकत असेल. त्याच्या लेखीं ती जागा भरलेली आहे.

आपल्या देशांतल्या माणसाला हें समजावून सांगण्यास फार शब्द नकोत. इंग्रजी अमदानींत जमिनीची मोजणी झाली तेव्हां ज्या जमिनींतून सारा येत नव्हता त्यांतील कितीतरी ‘पडीक’ म्हणून लिहिल्या गेल्या. परंतु त्या पडिकांत गांवचीं गुरें चरत, गोरगरीब सरपण वेंचीत, आणि भटक्या लोकांचे पाल पडत. कागदावर रिकामी असलेली जमीन प्रत्यक्षांत दुबळ्यांनीं भरलेली होती. रिकामेपण हा पुष्कळदां जागेचा गुण नसून पाहणाराच्या नजरेचा गुण असतो, आणि बलिष्ठाच्या नजरेला दुबळा दिसत नाहीं. लॉकनें सतराव्या शतकाच्या अखेरीस सामाईक वस्तूवर खाजगी हक्क कसा निर्माण होतो हें सांगतांना अशी अट घातली कीं, घेणारानें घेतल्यावर इतरांसाठीं पुरेसें आणि तितकेंच चांगलें शिल्लक राहिलें पाहिजे. डायल फिरवून रिकामी जागा हुडकणाऱ्या चालकानें त्या जागेंत आपले श्रम ओतले असें विनोदानें म्हणतां येईल. पण लॉकची अट त्यानें पाळली कीं नाहीं हें त्याला कळणारच नाहीं, कारण कोणासाठीं काय शिल्लक राहिलें हें त्याच्या कांचेआड दिसत नाहीं.

आतां प्रत्यक्ष काय घडलें तें पाहूं. अशा प्रक्षेपकांना परवान्यावांचून चालूं देतांना अमेरिकन सरकारनें त्यांच्या शक्तीला फार कडक मर्यादा घातलेली आहे. तीन मीटर अंतरावर मोजलें असतां त्यांच्या लहरींचा जोर मीटरमागें २५० मायक्रोव्होल्टहून अधिक भरतां कामा नये. ही मर्यादा पाळणारें यंत्र आपली गाडी सोडून फारसें पलीकडे ऐकूं जात नाहीं. पण मर्यादा पाळणारें यंत्र गाडीच्या आंतहि कधीं कधीं नीट ऐकूं येत नाहीं, कारण एरियल मागच्या बाजूला आणि यंत्र पुढच्या बाजूला. गिऱ्हाईक तक्रार करतें तें खरखरीची. शेजाऱ्याची तक्रार विक्रेत्यापर्यंत पोंचतच नाहीं. ज्या बाजारांत एकाच पक्षाची तक्रार ऐकूं येते तेथें यंत्राचा जोर कोणत्या दिशेनें वाढणार हें सांगावयास ज्योतिषी नको. २००६ सालीं सरकारी आयोगाच्या तपासणींत दोनहि कंपन्यांचीं कांहीं यंत्रें मर्यादेबाहेर बोलत असल्याचें निघालें, आणि कांहीं यंत्रांची विक्री थांबवावी लागली. पुढें २००८ सालीं दोनहि कंपन्यांचें एकीकरण मंजूर होण्याच्या वेळीं हें प्रकरण आणि जमिनीवरील साहाय्यक मनोऱ्यांच्या बाबतींतील नियमभंग यांचा मिळून निकाल लागला. त्यापोटीं एक्सएमनें सुमारें १ कोटी ७४ लाख डॉलर आणि सिरियसनें २२ लाख डॉलर सरकारजमा केले.

पण पैशांच्या आंकड्यांपेक्षां एक योगायोग अधिक विचार करण्यासारखा आहे. हॉवर्ड स्टर्न नांवाचा एक बोलघेवडा गृहस्थ अमेरिकेंत फार प्रसिद्ध आहे. त्याचें भाषण चारचौघांत, विशेषतः मुलांबाळांदेखत, ऐकण्याजोगें नसे, आणि त्याबद्दल त्याचा कार्यक्रम लावणाऱ्या केंद्रांना सरकारी दंड होत आले होते. जमिनीवरील रेडिओ सर्वांच्या घरांत आगाऊ विचारल्यावांचून शिरतो, म्हणून त्यावर सभ्यतेचे निर्बंध असावेत, हें त्या दंडामागील तत्त्व. उपग्रह-रेडिओला ते निर्बंध लागू केलेले नव्हते. तेथें जो ऐकतो तो पैसे भरून, समजून उमजून ऐकतो. म्हणून हा गृहस्थ २००६ च्या जानेवारींत सिरियसवर गेला. विचारापुरती ही व्यवस्था अगदीं समाधानकारक होती. ज्याला हवें त्यानें ऐकावें, ज्याला नको त्याच्या दारांत तें जाणार नाहीं. मिल असता तर त्यानेंहि मान डोलाविली असती. आणि नेमक्या त्याच सुमारास सार्वजनिक व धार्मिक केंद्रांच्या श्रोत्यांकडून तक्रारी येऊं लागल्या कीं, रस्त्यानें जातां जातां आपलें केंद्र एकाएकीं गडप होतें आणि त्या जागीं स्टर्नचें बोलणें ऐकूं येतें! शेजारची गाडी पुढें गेली कीं पुन्हां प्रवचन सुरू. संमतीच्या ज्या तत्त्वावर सगळी इमारत उभी होती तें तत्त्व आकाशांत आणि कंपनीच्या हिशेबाच्या वहींत शाबूत होतें. तें मोडलें तें त्या शेवटच्या तीन फुटांत.

वाचक म्हणतील, हा केवढा मोठा अनर्थ? चौकांतील दिव्यापाशीं पाऊण मिनिट एक नको तें वाक्य कानावर आलें, तर बटण फिरवावें आणि मोकळें व्हावें. या म्हणण्याला उत्तर देण्यापूर्वीं एक जुना खटला आठवण्यासारखा आहे. वॉशिंग्टन शहरांतील ट्रामगाड्या आणि बसगाड्यांत कंपनीनें कर्णे बसवून संगीत व जाहिराती सुरू केल्या. उतारूंपैकीं कांहींजण त्याविरुद्ध न्यायालयांत गेले. १९५२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बहुमतानें कंपनीच्या बाजूनें निकाल दिला. न्यायमूर्ति डग्लस यांनीं विरुद्ध मत देऊन, मनुष्याला त्याच्यापुरतें राहूं देणें हाच स्वातंत्र्याचा आरंभ होय अशी भूमिका घेतली. परंतु मला त्या खटल्यांतील सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती न्यायमूर्ति फ्रँकफर्टर यांची. ते निकालांत सहभागीच झाले नाहींत. या प्रकाराचा आपणांसच इतका उपद्रव झालेला आहे कीं आपल्या मनाचा समतोलपणा आपण गृहीत धरूं शकत नाहीं, असें त्यांनीं कारण दिलें. ज्याला आपण क्षुल्लक म्हणतों त्या उपद्रवानें देशाच्या सर्वोच्च न्यायाधीशांपैकीं एकाला न्यायासनावरून बाजूला केलें. नको असलेला आवाज लहान कीं मोठा हें तो करणारानें ठरवावयाचें नसतें.

शिवाय मोटारींतील प्रसंग एका बाबतींत ट्रामपेक्षां अधिक अवघड आहे. ट्राममध्यें कंपनी समोर होती; तिच्यावर फिर्याद करतां आली. आपल्याकडे लाउडस्पीकरवाल्या मंडपांत जाऊन ‘आवाज जरा कमी करा’ असें म्हणतां येतें, मग ते ऐकोत वा न ऐकोत; आणि कोणाला ऐकण्याची सक्ति करण्याचा हक्क कोणालाहि नाहीं असें आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं सांगितल्यापासून तसें म्हणणाराच्या पाठीशीं कायदाहि उभा आहे. रस्त्यांत मात्र उपद्रव देणारा कोण हेंच कळत नाहीं. पुढची गाडी, मागची, कीं बाजूची? आणि ज्यानें दिला तो आपल्या कांचा लावून निर्मळ मनानें आपलें आवडतें गाणें ऐकत आहे. तो दुष्ट नाहीं, बेपर्वाहि नाहीं. त्यानें दुकानांत पैसे दिले, पुस्तिकेंत सांगितल्याप्रमाणें रिकामी जागा शोधली. त्याला अपराधी म्हणावें तर कोणत्या आधारानें? आणि न म्हणावें तर शेजारच्या गाडींत मुलांना घेऊन बसलेल्या आईला जें ऐकावें लागलें त्याची जबाबदारी कोणावर?

पाश्चात्य नीतिशास्त्रांतील बहुतेक भर हेतूवर आणि जाणून केलेल्या कृतीवर आहे. नकळत होणाऱ्या इजेला तेथें निष्काळजीपणाच्या रकान्यांत टाकतात, आणि निष्काळजीपणाहि सिद्ध न झाला तर गोष्ट तेथेंच मिटते. आपल्या जुन्या धर्मशास्त्रानें या बाबतींत एक निराळी वाट धरलेली आहे. मनुस्मृतींत गृहस्थाच्या घरांतील पांच ‘सूना’, म्हणजे हिंसेचीं स्थानें, सांगितलीं आहेत: चूल, जातें, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. या पांचांच्या नित्य वापरांत बारीक जीव मरतात. गृहस्थाला ते दिसत नाहींत, मारण्याचा त्याचा हेतूहि नसतो, आणि स्वयंपाक बंद करा असें शास्त्र सांगत नाहीं. पण म्हणून हिशेब संपला असेंहि तें म्हणत नाहीं. त्याच्या परिहारार्थ रोजचे पांच यज्ञ गृहस्थाच्या गळ्यांत बांधतें. त्या ग्रंथांतील पुष्कळ गोष्टी आज आपण टाकून दिल्या आहेत आणि तें योग्यच झालें. ही एक कल्पना मात्र मला अजून जिवंत वाटते. अपराध आणि ऋण यांमध्यें ती भेद करते. न दिसणाऱ्या इजेबद्दल मनुष्य अपराधी नसेल, पण तो ऋणी असूं शकतो. आणि ऋणी मनुष्यानें निदान आपल्यावर कर्ज आहे कीं काय याची चौकशी करावी, अशी अपेक्षा बाळगण्यांत कोणावरहि अन्याय होत नाहीं.

याच्या अगदीं उलट टोकाला रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाचें म्हणणें आहे, आणि तें उडवून लावण्यासारखें नाहीं. १९५९ सालीं रेडिओ-लहरींच्या वांटपावर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधांत त्यानें असें दाखवून दिलें कीं, एकाच लहरीवर दोघे बोलूं लागले म्हणजे इजा ही दोनहि बाजूंनीं असते. ‘अ’च्या बोलण्यानें ‘ब’ला त्रास होतो हें खरें, पण ‘अ’ला गप्प बसविलें तर त्यालाहि तोटाच आहे. तेव्हां ‘दोषी कोण’ हा प्रश्न सोडून द्यावा, हक्क स्पष्टपणें वांटून द्यावेत आणि देवघेवीनें ते योग्य हातीं जाऊं द्यावेत. मोठमोठ्या केंद्रांच्या बाबतींत हा विचार पुष्कळ उपयोगी पडला. परवाने लिलावानें विकण्याच्या पद्धतीचें मूळ त्यांतच आहे, आणि या दोन उपग्रह कंपन्यांनाहि आपापल्या लहरी १९९७ सालीं लिलावांतच मिळालेल्या होत्या. पण देवघेवीसाठीं दोन पक्षांनीं एकमेकांस ओळखलें पाहिजे, एकत्र बसलें पाहिजे. चौकांत पाऊण मिनिट शेजारीं उभ्या राहिलेल्या दोन गाड्यांनीं कोणता करार करावा? कराराला खर्च येतो आणि तो कधीं कधीं कराराच्या लाभाहून अधिक असतो, हें कोसनें स्वतःच मान्य केलेलें आहे. जेथें करार अशक्य तेथें हक्काची भाषा थांबते, आणि मनुष्य एकटा असतां कसा वागतो हा प्रश्न शिल्लक राहतो.

शेतकऱ्याच्या बोलण्यांत ‘बांध कोरणें’ असा एक शब्दप्रयोग आहे. दरसाल नांगरतांना शेजाऱ्याच्या बांधांतलें वीतभर आपल्याकडे ओढून घ्यावयाचें. एका सालीं कळत नाहीं, दहा सालांनीं बांध सरकलेला असतो. लहरींचा बांध त्याहून नाजूक आहे, कारण तो दिसतच नाहीं. अमेरिकेंत १९२६ सालीं रेडिओ-केंद्रांना लहरी नेमून देण्याचा सरकारी अधिकार न्यायालयांत टिकला नाहीं, तेव्हां कांहीं महिन्यांतच केंद्रें हव्या त्या लहरींवर उड्या मारूं लागलीं, आणि श्रोत्यांना गोंगाटावांचून कांहीं ऐकूं येईना. पुढच्याच वर्षीं नवा कायदा करावा लागला. त्या वेळचे बांध कोरणारे मोठे जमीनदार होते, त्यांना पकडतां आलें. सुट्या यंत्राच्या काळांत प्रत्येक वाटसरूच्या हातीं एक छोटा नांगर आला.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणासंबंधींच्या खटल्यांत वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा उपयोग लोकहितासाठीं झाला पाहिजे, असें स्पष्ट सांगितलें. तत्त्व उदात्त आहे. पण ‘सार्वजनिक’ या शब्दाचा आपण व्यवहारांत काय अर्थ करतों, हें आपल्या नदीकांठीं आणि रेल्वेच्या डब्यांत पाहावें. सार्वजनिक म्हणजे सर्वांचें, म्हणून जपून वापरावयाचें, असा एक अर्थ; आणि सार्वजनिक म्हणजे कोणाचेंच नाहीं, म्हणून पहिल्यानें येईल त्याचें, असा दुसरा. रिकामी जागा दिसतांच आपला हात पुढें होतो तो या दुसऱ्या अर्थानें. मुंबईच्या बेस्ट उपक्रमाला २०२३ सालीं बसगाडींत कानाला यंत्र न लावतां मोबाइल वाजविण्यास मनाई करावी लागली. बसमधील शांतताहि कोणाला तरी रिकामी जागाच वाटली असली पाहिजे.

उपग्रह-रेडिओ आपल्याकडेहि कांहीं वर्षें होता. वर्ल्डस्पेस या कंपनीनें २००० सालीं सोडलेल्या ‘एशियास्टार’ उपग्रहावरून तो येई. शास्त्रीय संगीताची त्यांतील ‘गंधर्व’ ही वाहिनी पुष्कळांच्या अजून स्मरणांत आहे, आणि २००९ च्या अखेरीस ती सेवा बंद झाली तेव्हां हळहळणारांत संगीताचे चांगले जाणकार होते. त्याचें एरियल खिडकींत आग्नेयेच्या बाजूला तोंड करून ठेवावें लागे, यंत्र घरांतल्या फळीवर असे, त्यामुळें हा मोटारींतील प्रश्न आपल्या वांट्यास फारसा आला नाहीं. अमेरिकेंतहि तो आतां मागें पडला आहे. एक झालेल्या कंपनीचा रिसीव्हर आज नव्या मोटारींत कारखान्यांतच बसवून येतो, त्याला गाडीचे कर्णे थेट जोडलेले असतात, आणि एफएमवरील त्या उसन्या आसनाची गरज उरलेली नाहीं. यंत्रज्ञांनीं प्रश्न सोडविला असें म्हणतां येईल. चालकांनीं तो कधीं सोडविला होता असें मात्र दिसत नाहीं.

कारण त्या वर्षांतहि तो सोडविण्याचा एक उपाय चालकांपैकीं पुष्कळांच्या हाताशीं होता. ती कॅसेटच्या आकाराची वडी स्वस्त होती, लहरी सोडीत नसे, शेजारच्या गाडीला तिचा पत्ताहि लागत नसे, आणि आवाज प्रक्षेपकापेक्षां स्वच्छ येई. तिच्याविरुद्ध तक्रार एवढीच कीं, तिची तार गाडीच्या पुढच्या फळीवरून लोंबत राही आणि ती दिसावयास बरी दिसत नसे.